जुन्या वह्यांची नक्कल : बोरूपासून मोबाईलपर्यंत



स्मरणिका समितीने आम्हाला दिंडीच्या जुन्या वह्यांविषयी लिहायला सांगितले. आम्ही चौथी शिकलेलो. पुढची शाळा वावरात आणि कीर्तनाच्या फडावर झाली. पण ज्या वह्यांवरून आम्ही पाठांतर केले त्यांचे आमच्यावर ऋण आहे, म्हणून नाही म्हणता आले नाही. त्यात सध्या गावात या वह्यांवरून एक वाद चालू आहे. पोरं म्हणतात, पेटीतल्या सगळ्या वह्यांचे फोटो काढू, नीट लावू आणि नेटवर ठेवू, म्हणजे जगात कुठेही बसलेला माणूस पाहू शकेल. याला ते डिजिटायझेशन म्हणतात. जुनी मंडळी म्हणतात, "आपल्या घरची पेटी अख्ख्या दुनियेपुढे काऊन उघडायची? आजोबा-पणजोबांनी शंभर वर्षं जपली ती काय वाटून टाकायला?"

दोन्हीकडची माणसं आपली, आणि दोघांच्याही मनात वह्यांची काळजीच आहे. तेव्हा भांडण्यापेक्षा थोडे मागे जाऊन पाहू. आपल्या संप्रदायाचा ठेवा आजवर टिकला तो कशामुळे, आणि जो गेला तो कशामुळे गेला, हे कळले म्हणजे पुढचे ठरवायला सोपे जाईल.

पेटीत काय आहे

पुष्कळांना ठाऊक नाही म्हणून आधी पेटीचे सांगतो. मंदिरातल्या पत्र्याच्या पेटीत अभंगांची दोन मोठी बाडं आहेत, शिवून बांधलेली. काकड्याचे अभंग, वासुदेव, गौळणी, भारुडं, हरिपाठ, काल्याचे अभंग, असा क्रम आहे. तिसरी मुक्कामाची वही. कोणत्या गावी रात्र काढली, कोणाच्या वाड्यात उतरलो, पंगत कोणी दिली, पैनगंगेला पूर होता तर किती दिवस अडकलो, हे तिच्यात आहे. चौथी शिध्याची वही. ज्वारी, तुरीची डाळ, गूळ, तेल कोणी किती दिले आणि कोणाला किती दिले याचा हिशोब. शिवाय पोस्टकार्डांचा एक गठ्ठा आणि काही फोटो, त्यांतल्या अर्ध्या माणसांची नावे सांगणारा आता गावात कोणी राहिला नाही.

या वह्यांची अवस्था एकसारखी नाही. जुना हातकागद, जसा पूर्वी जुन्नरला आणि दौलताबादेला बनत असे, तो चिवट असतो. दोन-अडीचशे वर्षांची पोथी हातात धरली तरी पान वाकते, मोडत नाही. गिरणीचा स्वस्त कागद मात्र पन्नास-साठ वर्षांतच पिवळा पडतो आणि कडेने पापडासारखा तुटतो. शाईचेही तसेच. काजळाची शाई शेकडो वर्षे काळी राहते, फक्त पाणी लागू नये. हिराकस घातलेली शाई हळूहळू कागदच खाते. अक्षर होते तिथे जाळी पडते. आपली मुक्कामाची वही अशी खाल्ली जात आहे. कपाशीला बोंडअळी लागली तर फवारणी करता येते. वहीला लागलेली ही कीड आतली आहे, तिला फवारा चालत नाही. शिवाय वाळवी, कसर आणि पावसाळ्याची ओल आहेच.

म्हणजे "जपून ठेवू" म्हणून पेटीला कुलूप लावले तरी पेटीच्या आत झीज चालूच आहे. ही पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी.

आपला संप्रदाय नकलेवर जगला

आता मागे जाऊ. माउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे सन १२९० मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. सांगणारा एक, लिहिणारा एक. तिथून नकला सुरू झाल्या. एकाने दुसऱ्याची उतरवली, दुसऱ्याची तिसऱ्याने. उतरवताना कोणाची ओळ सुटली, कोणाला जुना शब्द कळला नाही म्हणून त्याने नवा घातला, कोणाला भक्तीचा उमाळा आला तर त्याने स्वतःची ओवीच टाकली. तीनशे वर्षांत इतके पाठ झाले की खरे कोणते ते कळेना.

तेव्हा नाथमहाराजांनी काम हाती घेतले. प्रती गोळा केल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शके १५०६ मध्ये, म्हणजे सन १५८४ मध्ये, शुद्ध प्रत तयार केली. यात कोणी आपली ओवी घालू नये, असे त्यांनी शेवटी बजावूनही ठेवले. नाथ स्वतः केवढे कवी! भागवतावर एवढा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्याला चार ओव्या घालणे काय कठीण होते? पण त्यांनी आपला हात आवरला. नक्कल करणाऱ्याचा धर्म त्यांनी त्या दिवशी घालून दिला.

दुसरी गोष्ट तुकोबारायांची. गाथा इंद्रायणीत बुडवल्याची कथा प्रत्येक कीर्तनकार सांगतो, आम्हीही सांगतो. पण वह्या पाण्यात गेल्या तेव्हा अभंग लोकांच्या तोंडी होते, ही बाजू आपण कमी सांगतो. आणि चाकणचे संताजी जगनाडे तेली, गंगाजी मवाळ कडूसकर, असे टाळकरी अभंग उतरवून ठेवत होते असे परंपरा सांगते. पुढे मुंबईला इंदुप्रकाश छापखान्यात सरकारच्या मदतीने गाथेची मोठी छापील प्रत निघाली, पहिला भाग १८६९ ला आणि दुसरा १८७३ ला. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी ती सिद्ध केली. साडेचार हजारांवर अभंग तिच्यात आले. हे कुठून आले? देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर इथे घराघरांत जपलेल्या वह्यांमधून. तळेगावची वही म्हणजे जगनाड्यांच्या घराण्यातली. पुढे वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून वेगळी गाथाही छापली.

तेव्हाही एखाद्या घरी म्हटले गेलेच असेल, की आमची देवघरातली वही छापखान्याच्या शाईत काऊन द्यायची. ज्यांनी दिली त्यांच्यामुळे आज यवतमाळच्या खेड्यातला चौथी शिकलेला माणूस तुकोबांवर कीर्तन करतो. आमच्या घरी काही देहूची वही नव्हती. होती ती बाजारातून आणलेली छापील गाथा, पानं सुटलेली.

बोरू, मग छापखाना, आता मोबाईलचा कॅमेरा. हत्यार बदलले, काम तेच आहे.

कुलपात ठेवलेल्या ग्रंथांची गोष्ट

याच्या उलट उदाहरण आपल्या वऱ्हाडातच आहे. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे मोठे स्थान. श्रीचक्रधर स्वामींच्या आठवणी गोळा करून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस तिथेच लीळाचरित्र सिद्ध केले. मराठी गद्याचा हा आद्य ग्रंथ. म्हाइंभट गावोगाव फिरले, ज्याने स्वामींना पाहिले त्याच्या तोंडून लीळा ऐकली, पुन्हा विचारून खात्री केली आणि मग लिहिली. आजच्या संशोधकानेही शिकावे असे ते काम.

पण परंपरा सांगते, की पुढे धाडीत मूळ पोथी नष्ट झाली. मग ग्रंथ परत उभा राहिला तो आठवणीवर. हिराइसा नावाच्या साध्वीचे पाठांतर दांडगे होते, तिच्या आठवणीतून आणि इतरांच्या आठवणींतून लीळा पुन्हा लिहिल्या गेल्या. म्हणून लीळाचरित्राचे वेगवेगळे पाठ मिळतात. एवढ्या कष्टाने केलेली पोथी, पण प्रत एकच. ती गेली तेव्हा एका बाईच्या स्मरणाने ग्रंथ वाचवला.

त्यानंतर पंथाने ग्रंथ गुप्त लिप्यांत लिहिले. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावे. त्या काळी त्यांच्यावर जे प्रसंग आले ते पाहता त्यांना दोष देता येत नाही. मठात ग्रंथ सुरक्षित राहिले हेही खरे, आणि तिथे नकलाही होत राहिल्या. पण मठाबाहेरच्या मराठी माणसाला आपल्या भाषेत एवढे जुने गद्य आहे याचा शेकडो वर्षे पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली आणि मग दार उघडले. महंतांनी विश्वास टाकला, पोथ्या दाखवल्या.

यात आपल्या यवतमाळचेही नाव आहे, आणि ते आपल्या पोरांना माहीत असावे. यवतमाळचे य. खु. देशपांडे यांनी महानुभावांच्या ग्रंथांचा शोध घेतला आणि १९२५ मध्ये 'महानुभावीय मराठी वाङ्मय' हे पुस्तक प्रसिद्ध केले. यवतमाळचा शारदाश्रम त्यांच्याच कामातून उभा राहिला, आणि जुनी हस्तलिखिते तिथे गोळा झाली. आपली दिंडी पहिल्यांदा पंढरीला निघाली त्याच सुमारास आपल्या जिल्ह्याच्या गावात कोणी जुन्या पोथ्या जमवत होते, याचा आम्हाला अभिमान वाटतो. आता रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही सुरू झाले आहे. मठातल्या पोथ्यांपासून विद्यापीठापर्यंतचा हा प्रवास दार उघडले म्हणून झाला.

आवाजाचा ठेवा

वही म्हणजे अभंगाचे शब्द. पण वारकऱ्याचा अभंग शब्दांत संपत नाही. चाल कोणती, ध्रुपद कोणी धरायचे, मृदंगाचा ठेका कुठे बदलायचा, टाळ कुठे दाबायचा, पावली कधी सुरू करायची, यातले काही म्हणजे काही बाडात लिहिलेले नाही. आपल्या दिंडीत काकड्याची एक जुनी चाल होती. आम्ही लहानपणी ऐकली आहे. ती येणारे विणेकरी गेले आणि चालही गेली. अभंग बाडात आहे, अक्षर सुंदर आहे, पण गाऊन कोण दाखवणार?

इथे नव्या यंत्राचे मोल कळते. गाडगेबाबांचे पाहा. बाबांनी ग्रंथ लिहिला नाही, शिष्य केले नाहीत. त्यांचे सगळे कीर्तनात. ८ नोव्हेंबर १९५६ ला मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांचे कीर्तन झाले, ते कोणीतरी यंत्रावर भरून घेतले. २० डिसेंबरला बाबा गेले. आज ते कीर्तन मोबाईलवर ऐकता येते. ती आपली वऱ्हाडी बोली, लोकांना प्रश्न विचारायची ती पद्धत, लोकांचे हसणे आणि मग एकदम पसरलेली शांतता. बाबांवर शेकडो पुस्तकं निघाली, पण बाबा बोलत कसे हे त्या एका ध्वनिफितीने जसे कळते तसे पुस्तकाने कळत नाही. आम्ही ते कितीदा ऐकले याची मोजदाद नाही. आयुष्यभरात बाबांची हजारो कीर्तनं झाली असतील, आणि आपल्या हाती त्यातले एवढेच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या मायबहिणींचे. पहाटे जात्यावर दळताना बाया ओव्या म्हणत. विठ्ठल, रुखमाई, पंढरीची वाट, माहेर, भाऊ, सासुरवास, सगळे त्यात. गावोगाव पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले, आणि ओवीला जागाच राहिली नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइटवँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन खेड्यापाड्यांत फिरून या ओव्या उतरवून घेतल्या. हजाराहून जास्त गावे, तीन हजारांवर बाया, एक लाखाच्या वर ओव्या. पुढे बर्नार्ड बेल यांनी पुष्कळ ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात २०१७ पासून त्या नेटवर येत आहेत. हे साईनाथ म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कापूस शेतकऱ्यांच्या मरणावर लिहिणारे पत्रकार, हे जुन्या मंडळींना आठवत असेल.

त्या संग्रहात आम्हाला सर्वांत भावले ते असे, की ओवीसोबत म्हणणाऱ्या बाईचे नाव असते, गाव असते, कुठे तिचा फोटो असतो. जिचे नाव रेशनकार्डापलीकडे कुठे लिहिले गेले नाही तिचे नाव तिच्या ओवीखाली आले. आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत तुळस घेऊन चालणाऱ्या किती माउली होऊन गेल्या! बाडात त्यांच्यापैकी एकीचेही नाव नाही. ज्या आज हयात आहेत, ज्यांना ओव्या येतात, त्यांच्यापुढे मोबाईल ठेवून बसणे हे पेटीतल्या वह्यांपेक्षाही तातडीचे काम आहे. वही अजून दहा वर्षे थांबेल. ऐंशी वर्षांची आजी थांबेल याची हमी कोण देणार?

एकाच जागी ठेवण्यातला धोका

कोणी म्हणेल, खेड्यातल्या पेटीला धोका आहे तर मोठ्या शहरातल्या संस्थेत देऊन टाकू. संस्था चांगल्याच असतात. पण जागा एकच असली तर तिथेही संकट येते. पुण्याची भांडारकर प्राच्यविद्या संस्था १९१७ सालची, अठ्ठावीस हजारांवर हस्तलिखितांचा तिचा संग्रह. तिथल्या ऋग्वेदाच्या पोथ्यांची २००७ मध्ये युनेस्कोने जगाच्या ठेव्यात नोंद घेतली. त्याच संस्थेवर ५ जानेवारी २००४ ला जमावाने हल्ला करून नासधूस केली. ज्या ठिकाणी विद्वान दबक्या पावलाने चालतात तिथे कपाटं पाडली गेली.

आफ्रिकेत माली नावाचा देश आहे, तिथे टिंबक्टू हे जुन्या पोथ्यांचे गाव. २०१२ मध्ये तिथे हत्यारबंद टोळ्या शिरल्या. तेव्हा तिथल्या ग्रंथपालांनी आणि घरोघरच्या लोकांनी पोथ्या पत्र्याच्या पेट्यांत भरल्या, आणि गाढवांच्या गाड्यांवरून, मोटारींतून, नावांतून शेकडो मैल दूर राजधानीला पोचवल्या. जानेवारी २०१३ मध्ये टोळ्यांनी जाताना ज्या पोथ्या हाती लागल्या त्या जाळल्या. काही हजार गेल्या, लाखो वाचल्या. वाचलेल्यांचे फोटो काढायचे काम मग जोरात झाले. पेटी त्यांचीही पत्र्याचीच, आपल्यासारखी. आपल्याकडे टोळ्या नाहीत, पण पूर आहे, शॉर्टसर्किट आहे, वाळवी आहे. हिराइसासारखी स्मरणशक्ती असणारे मात्र आता कोणी राहिले नाही.

सरकारनेही हे ओळखले आहे. २००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात ज्ञानभारतम् योजना जाहीर झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांची पाहणी आणि जतन करण्यासाठी. मिशनच्या व्याख्येप्रमाणे निदान पंचाहत्तर वर्षे जुने, मोलाचे हस्तलिखित म्हणजे पांडुलिपी. छापील पुस्तक त्यात बसत नाही. म्हणजे वयाने पाहिले तर आपल्या दिंडीची अगदी सुरुवातीची बाडं त्यात बसतात. आपण ज्याला "जुनी वही" म्हणून बाजूला सारतो तिला देशाच्या दप्तरात मानाचे नाव आहे.

काम कसे करावे

आम्ही जाणकारांना विचारून आणि पोरांसोबत बसून जे समजून घेतले ते सांगतो. घरोघरी उपयोगी पडेल.

वही आधी कोरड्या मऊ ब्रशने हलके झाडावी. थुंकी लावून पान उलटू नये. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये, तिचा गोंद पुढे पिवळा पडून अक्षर खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये, पान कायमचे जखडते. फोटो दिवसाच्या सावलीतल्या उजेडात, फ्लॅश न मारता, मोबाईल बरोबर वर सपाट धरून काढावा. कोरे पान, मागची बाजू, पुठ्ठा, समासातली खूण, सगळे घ्यावे. पानांचा क्रम मोडू नये. प्रत्येक फोटोला नाव द्यावे : गाव, वही कोणती, पान कितवे. नुसते हजार फोटो म्हणजे नांगरून न पेरलेले वावर.

व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो आकसतो, अक्षर फुटते. म्हणून मूळ फोटो वेगळे ठेवावेत. मोबाईल ही ठेवायची जागा नव्हे; तो पडतो, हरवतो, दोन वर्षांत बदलतो. एक प्रत गावात हार्डडिस्कवर, एक तालुक्याला दुसऱ्या कोणाकडे आणि एक नेटवर, अशा तीन ठिकाणी असाव्यात. दरसाल आषाढीला निघण्याआधी टाळ-मृदंग तपासतो तशा त्या उघडून तपासाव्यात.

फोटो झाला म्हणजे शोधता येत नाही. शोधण्यासाठी मजकूर टाइप करावा लागतो, तोही युनिकोडमध्ये. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली कितीतरी मराठी पुस्तकं आज दुसऱ्या संगणकावर उघडली की नुसत्या खुणा दिसतात. मराठी विकिस्रोतावर पानाचा फोटो एका बाजूला आणि टाइप केलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो, कोणीही ताडून चूक दुरुस्त करू शकतो. नाथांनी जे एकट्याने केले ते तिथे पुष्कळ हात मिळून करतात. राज्य मराठी विकास संस्थेनेही जुनी दुर्मीळ मराठी पुस्तकं नेटवर फुकट वाचायला ठेवली आहेत. मात्र टाइप करताना आपले शहाणपण चालवू नये. बाडात वऱ्हाडी शब्द आहे तर वऱ्हाडीच ठेवावा. आजोबांनी ऱ्हस्व लिहिले तर ऱ्हस्वच ठेवावे. नाथांचा दंडक इथेही लागू.

हक्काचेही पाहावे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. संतांचे अभंग सर्वांचे आहेत. पण आजच्या एखाद्या गायकाची ध्वनिफीत किंवा एखाद्या अभ्यासकाचे नवे पुस्तक परवानगीशिवाय टाकता येत नाही.

काय दाखवावे, काय झाकावे

आता वादाच्या मुळाशी येतो. जुन्या मंडळींची भीती सगळीच खोटी नाही. अभंगांच्या बाडाबद्दल आमच्या मनात शंका नाही. ते काल्याच्या प्रसादासारखे आहे, वाटावे, ज्याला हवे त्याला द्यावे. पण शिध्याच्या वहीचे तसे नाही. तिच्यात दुष्काळात कोणाच्या घरी चूल पेटत नव्हती म्हणून दिंडीने ज्वारी दिली ते नावानिशी आहे. अलीकडच्या पानांवर तर अशा घरांची नावे आहेत जिथला कर्ता माणूस कर्जापायी गेला आणि दिंडीने मागच्यांना वर्षभर धान्य पुरवले. ती लेकरं आता मोठी झाली, कोणाचं लग्न व्हायचं आहे. त्यांच्या घरचे दुःख जगाला दाखवायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? देणाऱ्याने उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू दिले नाही, आणि आपण ते नेटवर टाकायचे? आमचे मत असे, की शिध्याच्या वहीचे फोटो काढावेत, जपावेत, पण अलीकडची पाने नेटवर घालू नयेत. ज्या घरचे नाव आहे त्या घराने हो म्हटले तरच.

दुसरे पान याहून अवघड आहे. मुक्कामाच्या वहीत सुरुवातीच्या वर्षांत पंगती लिहिल्या आहेत, आणि त्यात काही वारकऱ्यांची पंगत वेगळी लिहिली आहे. मुक्कामाची त्यांची जागाही गावाबाहेरची. तीच माणसं तोच हरिपाठ म्हणत होती, त्याच विठ्ठलाला चालली होती. पंढरपूरच्या मंदिरात अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या भक्तांना प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण केले, तेव्हा कुठे दार उघडले. आपल्या वहीतली ती पाने त्याच्या आधीची आहेत.

काही जण आम्हाला म्हणाले, "महाराज, शताब्दीच्या वर्षात ते पान कशाला? तेवढं सोडून बाकीचे फोटो काढू." आम्हाला हे मान्य नाही. नाथांनी एक ओवी घालू नये म्हटले, त्यात एक पान काढू नये हेही आले. ते पान काढले तर जे वेगळे बसून जेवले, बाहेर निजले आणि तरी वारी चुकवली नाही, त्यांची भक्ती आपण वहीतूनही बाहेर काढली असे होईल. आपल्या आजोबांच्या चुकीपेक्षा त्या माणसांची निष्ठा मोठी होती, आणि ती त्या पानावरच लिहिलेली आहे. मात्र ते पान कसे दाखवायचे, नावे ठेवायची की झाकायची, हे आपण वरच्या आळीत बसून ठरवू नये. त्या घरांतली नातवंडं, पणतवंडं गावात आहेत, काही यवतमाळ-नागपूरला नोकरीवर आहेत. आधी त्यांना ते पान दाखवावे, आणि ते म्हणतील तसे करावे. हे काम पोरांनी नव्हे, दिंडीच्या वडीलधाऱ्यांनी त्यांच्या दारी जाऊन करायचे आहे.

पुढचे

दिंडीच्या बैठकीपुढे आमची विनंती एवढीच, की कुलूप की नेट, असा एका शब्दात निर्णय करू नये. बाडं आणि चाली मोकळ्या कराव्यात. मुक्कामाची वही संपूर्ण नकलावी आणि संबंधित घरांना विचारून दाखवावी. शिध्याची वही नकलून राखून ठेवावी. मूळ वह्या मात्र कुठेही जाऊ नयेत, सुती फडक्यात बांधून आपल्याच मंदिरात राहाव्यात, फक्त पेटी जमिनीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवावी.

आणि नेटवर चाल चढली म्हणून पाठांतर सोडू नये. यंत्रातली चाल ऐकून कोणी गाणार असेल तरच ती जिवंत, नाहीतर तीही पेटीतच. पोरांनी फोटो काढावेत, आणि ज्या पानाचा फोटो काढला त्यातला एक अभंग तरी पाठ करावा, अशी अट आम्ही घालू इच्छितो.

ज्यांच्या घरी दिंडीची जुनी वही, पत्र, फोटो, कॅसेट असेल त्यांनी कार्तिकी एकादशीपर्यंत मंदिरात आणून दाखवावी. वही ठेवून घेतली जाणार नाही. तुमच्यासमोर फोटो काढून, नाव लिहून, त्याच दिवशी परत दिली जाईल. आणि ज्या माउलींना जात्यावरच्या ओव्या येतात त्यांनी निरोप धाडावा. आम्ही घरी येऊ. जाते नसले तरी चालेल.

रामकृष्णहरी.